हाली आणि कलदार

पुण्या-मुंबईच्या वाचकाला 15 ऑगस्ट 1947 म्हटले की रोषणाई आठवते. नांदेड-लातूरला तो दिवस तसा उजाडलाच नाही. ही दोन्ही गावे तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तिरंग्याला बंदी, आणि स्वामी रामानंद तीर्थांना त्याच दिवशी अटक. पण लढाई अजून वर्षभर लांब होती. त्या वर्षात साधी माणसे कशी राहत होती, एवढेच विचारीत मी ह्या दोन गावांतून हिंडलो.

नांदेडात गोदावरीचे घाट, गुरू गोविंदसिंहांचा गुरुद्वारा आणि मोंढा. मोंढा म्हणजे आपली बाजारपेठ. तिथे कापूस येई, उस्मानशाही मिलचा भोंगा होई, कचेरीतला कागद उर्दूत चाले आणि घरातले भांडण मराठीत! जवळच्या उमरीत 30 जानेवारी 1948 रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी बँकेचा खजिना लुटून नेला. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजी गेले. एका दिवसात माणसाने कशाकशाचे बोलावे?

लातूरची तऱ्हा आणखी चमत्कारिक. कुर्डुवाडीहून बार्शी लाइटची अडीच फुटी गाडी निघे. बार्शी हिंदुस्थानात, लातूर निजामात. मध्ये करोडगिरी, म्हणजे जकात. नाणेही निराळे. निजामाचे ते हाली, इंग्रजी ते कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. हा हिशेब पोराटोरांना तोंडपाठ असे.

गंजगोलाईपासून सोळा रस्ते फुटतात. त्या पेठेत लिंगायत, मारवाडी, कच्छी मुसलमान असे सगळ्यांचे व्यापार. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी वकिली करी तीही ह्याच गावात.

पेठेमागच्या एका बोळात नव्वदी उलटलेल्या आजीबाई भेटल्या. 12 नोव्हेंबर 1947 ची दिवाळी त्यांना नीट आठवते. “वडलांनी चोपडी पूजली की बाबा, दरसालासारखी. समोरच्या कच्छी शेठच्या घरी फराळाचं ताट मीच नेऊन दिलं. त्यांच्या आईनं ताट रिकामं नाही पाठवलं, खारका घातल्या.”

त्यानंतर सतराच दिवसांनी भारत सरकार आणि निजाम यांच्यात वर्षभराचा ‘जैसे थे’ करार झाला. लोकांना वाटले, चला, वर्षाची निश्चिंती! चोपडी पूजणाऱ्यालाही वर्षाचाच हिशेब कळतो. पण करार कागदावर राहिला. रझाकारांचे अत्याचार वाढले, गावेच्या गावे सरहद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडे निघाली, स्वातंत्र्यसैनिकांची ठाणी सरहद्दीवर उभी राहिली, आणि पलीकडून मालाची कोंडी झाली. आजीबाईंच्या आईने मिठाचे मडके देवघरात नेऊन ठेवले होते.

13 सप्टेंबर 1948 ला सोलापूरच्या बाजूने फौज आत शिरली. 17 ला निजाम शरण आला. मराठवाडा मोकळा झाला. तो दिवस आजही झेंडा लावून साजरा होतो, आणि व्हावाच.

पुढचे मात्र आपण कमी सांगतो. रझाकारांचा सूड त्यांच्याशी काडीचा संबंध नसलेल्यांवरही उगवला. सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने साऱ्या संस्थानात 27 ते 40 हजार माणसे मेल्याचा अंदाज केला. लातुरात वीस दिवसांहून अधिक कत्तल चालली आणि दहा हजारांच्या मुसलमान वस्तीतले जेमतेम तीन हजार उरले, असे तिने लिहिले. तो अहवाल कितीतरी वर्षे कपाटात होता.

“अन् शेठचं घर?” मी विचारले.

आजीबाईंनी समोर बोट दाखविले. तिथे आता मोबाइलचे दुकान आहे. “आईनं त्या सालीही ताट भरलं होतं,” त्या म्हणाल्या. “संध्याकाळपर्यंत तसंच ओट्यावर होतं. मग आम्हीच खाल्लं.”