दिसतोय म्हणू नकोस

रेवदंडा
१४ नोव्हेंबर

चि. ठकूस,


काल तू फोन ठेवलास आणि मी पडवीत तसाच बसून राहिलो. मामीने दोनदा जेवायला हाक मारली. तुझा प्रश्न एवढाच होता, की तुझा फेरेट टिकू सिरिंजने दिलेलं खाणं थुंकून टाकतो, तर ते त्याच्या पोटात घालायचं कसं? त्याचं उत्तर देतोच. पण जाता जाता तू एक वाक्य बोलून गेलीस, "तसा बरा दिसतोय, मामा." माझी रात्रीची झोप त्या वाक्याने घालवली.

एकतीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक म्हणून काढली, तेव्हा हा 'दिसतोय' रोज कानावर पडायचा. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका म्हातारीच्या घरी तिची शेळी बघायला गेलो होतो. म्हातारी म्हणाली, उभी आहे, रवंथ करतेय, बरी दिसतेय. मलाही दिसली. हात न लावता सायकल फिरवून परत आलो. सकाळी म्हातारी दवाखान्याच्या पायरीवर बसलेली होती आणि तिच्या हातात शेळीच्या गळ्यातली दोरी होती. ती दोरी मी विसरलेलो नाही. मुकं जनावर दुखणं लपवतं. रानात दुबळं दिसलं की मरण, एवढं त्याच्या रक्तात आहे, आणि घरात चार पिढ्या गादीवर लोळून ते जात नाही. फेरेट तर शिकारी जात. तो तुझ्यासमोर शेपूट फुलवून दोन उड्या मारेल आणि तू खोलीबाहेर गेलीस की कोपऱ्यात पडून राहील.

म्हणून डोळ्यावर भरवसा ठेवू नकोस. काट्यावर ठेव. तुझ्याकडे केक करायचा तो छोटा वजनकाटा आहे ना? त्यावर टोपली ठेव, टोपलीत टॉवेल, काटा शून्यावर आण आणि मग टिकूला बसव. रोज सकाळी, त्याच वेळी, खाणं देण्याआधी. आकडा वहीत लिही. फोनमध्ये नको, वहीत. फोनमधले आकडे एकाखाली एक दिसत नाहीत, आणि मला तुझ्याकडून तेच हवंय.

तू म्हणालीस, गेल्या नोव्हेंबरात डॉक्टरच्या कार्डावर १३२० ग्रॅम होतं आणि आता १२०० च्या आसपास, म्हणजे फार नाही. ठकू, फार आहे! एक तर इतक्याशा जिवाचा हा अकरावा हिस्सा झाला. आणि दुसरं, फेरेट हिवाळ्याच्या तोंडावर अंग धरतो आणि वसंतात उतरतो. आत्ता तो चढायला हवा होता. चढायच्या दिवसांत जो उतरतो त्याचं दुखणं आकड्यापेक्षा मोठं असतं. हे मला परळच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तू पाठवलेला रिपोर्ट मी त्यांना दाखवला. आपल्याकडे हे जनावर कोण पाळतो म्हणा! फोटो बघून शेजारचा म्हणाला, मुंगूस आहे. मुंगसाशी याचं जवळचं नातं नाही, हा पाणमांजराच्या कुळातला.

आता मधाचं. काल फोनवर ओरडलो, त्याचं वाईट वाटतंय, पण ओरडलो ते बरोबरच होतं. तो गळून गेला, टक लावून बघायला लागला, तोंडावर पंजे घासायला लागला, की तू चमचाभर मध देतेस आणि तो उठतो. म्हणून तू रोजच द्यायला लागलीस. अगं, त्याच्या स्वादुपिंडात ज्या गाठी आहेत त्या नको तितकं इन्शुलिन सोडतात. गोड पोटात गेलं की त्या आणखी सोडतात. तासाभरात साखर पहिल्यापेक्षा खाली. तू प्रेमाने त्याला वर खेचतेस आणि तो आणखी खोल जातो.

निसर्ग वादळानंतरचे दिवस आठव. तू मुंबईत अडकली होतीस, पण फोनवर सगळं ऐकत होतीस. ३ जून २०२० ला वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, दुपारभरात आपली वाडी आडवी झाली, आणि वीज गेली ती कितीतरी दिवस आलीच नाही. मामीचं इन्शुलिन आम्ही माठात ठेवायचो. एका रात्री ती घामाने थबथबली, असंबद्ध बोलायला लागली. मी तिच्या तोंडात साखर घातली, आणि ती सावरताच अर्ध्या तासाच्या आत मऊ भात खायला लावला. नुसती साखर देऊन झोपवलं असतं तर पहाटेपर्यंत पुन्हा तेच झालं असतं. टिकूचंही तसंच. मध फक्त झटका आला किंवा तो शुद्धीत नाही असं वाटलं तर. तोही कापसाच्या काडीने हिरडीवर चोळायचा, बोट आत घालू नकोस, चावा बसेल. तोंडात पातळ काही ओतायचं नाही, श्वासात जाईल. गिळायला लागला की लगेच मांस, आणि डॉक्टरला फोन. एरवी गोड बंद. फळ नाही, दूध नाही, भात नाही. त्याचं आतडं आखूड, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं. म्हणजे चार तासांहून जास्त उपाशी ठेवायचं नाही, रात्रीसुद्धा. प्रेडनिसोलोन खाण्याबरोबर द्यायचं. चार दिवस बरं वाटलं म्हणून ते आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही, त्याने जीव जाऊ शकतो.

सिरिंजचं. तू त्याला उताणा धरतेस ना? काल कॅमेऱ्यात ओझरतं दिसलं. तसं नको. टॉवेलमध्ये गुंडाळून पोटावर टेकवून बसव, मान सरळ, वर केलेली नाही. शिजवलेल्या कोंबडीचा रस्सा आणि मांस अगदी गंधासारखं वाटून घे, मीठमसाला काही नाही, मनगटावर थेंब टाकून कोमट आहे का बघ. गार खाणं तो थुंकणारच. सिरिंजचं टोक समोरून नाही, गालाच्या बाजूने, सुळ्यामागच्या फटीतून. अर्धा मिली, एक मिली, मग थांब. गळा हलताना बघ. गिळलं की पुढचं. पंधरा मिलीला अर्धा तास लागला तरी लागू दे. पहिल्या दिवशी नाकावर आणि ओठावर नुसतं लाव, तो चाटेल. फेरेट लहानपणी जे खातो त्यालाच खाणं समजतो, नवी चव त्याला पटायला वेळ लागतो.

शी काळी, डांबरासारखी झाली किंवा तो दात करकर वाजवायला लागला, तर मला फोन करू नकोस. तिथल्या डॉक्टरला कर. पहिलं पोटातलं रक्त असतं, दुसरं दुखणं.

आणि तुझं नाक वाजत होतं काल. नाही म्हणू नकोस. सर्दी असेल तर तोंडाला मास्क लाव, हात धू, त्याच्या तोंडाशी तोंड नेऊ नकोस. माणसाचा फ्लू फेरेटला होतो. १९३३ साली लंडनजवळ मिल हिलच्या प्रयोगशाळेत स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या तिघांनी माणसाच्या घशातलं पाणी फेरेटच्या नाकात घातलं, फेरेट आजारी पडले, आणि माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा हाती लागला. पुढे एक आजारी फेरेट एका संशोधकाच्या तोंडावर शिंकला आणि त्यालाही फ्लू झाला. या एवढ्याशा जनावराने माणसाला केवढं शिकवलंय! तुझ्या सर्दीने तो जायला नको.

पुन्हा वजनावर येतो. तुला वाटेल मामाचं आपलं एकच. असू दे. अंगणवाडीत दर महिन्याला पोरांचं वजन करतात, तक्त्यावर ठिपका देतात, आणि रेघ खाली वळली की बाई घरी येतात. डोळ्याला धडधाकट वाटणारी किती पोरं त्या रेघेने वाचली! पण म्हाताऱ्या माणसांसाठी असा तक्ता कुणाच्या घरात आहे? तुझे आजोबा. सहा महिने रोज आमच्यासमोर जेवत होते. आम्ही सगळे म्हणायचो, अण्णा बरे दिसतात. मग एका दुपारी त्यांचं घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत घसरलं आणि ते तुझ्या आईने पाहिलं. तोवर उशीर झाला होता. सुपारीचा काटा त्याच पडवीत टांगलेला होता, ठकू. आम्ही त्यावर रोज सुपारी तोलत होतो.

आपल्या तांब्या बोक्याच्या वेळी मग तोच काटा कामाला आला. त्याची किडनी गेली आहे हे परळच्या बैलघोड्याच्या दवाखान्यात कळलं. मांडव्याहून लाँचने टोपलीतून नेला होता त्याला, साऱ्या वाटेत ओरडत होता. तेव्हा ४ किलो १०० होता. मग अकरा महिने रोज मानेमागच्या कातडीखाली सलाईन, बाटली आधी गरम पाण्यात धरून कोमट करायची. वादळानंतर कंदिलाच्या उजेडात एकीकडे मामीचं इन्शुलिन, एकीकडे त्याचं सलाईन. वहीत तीन रकाने होते. वजन, खाणं, आणि तिसरा त्याच्या आवडीचा. आगरकोट किल्ल्याच्या तटावर गेला का, न्हाणीतलं पाणी प्यायला का, माझ्या हातावर डोकं ठेवलं का.

हा तिसरा रकाना तूही ठेव. तू फोनच्या शेवटी अगदी हळू आवाजात सांगितलंस, की डॉक्टर म्हणतात, त्याला कधी झोपवायचं याचा विचार करून ठेवा. ऐकलं मी. उत्तर दिलं नाही, कारण मामी शेजारी होती आणि माझा आवाज फुटला असता. तुझा मोजा पळवून सोफ्याखाली ठेवला का, हाक मारल्यावर बाहेर आला का, आपल्या कोपऱ्यात जाऊन शी केली का, हे लिही. तांब्याच्या वहीत शेवटचे नऊ दिवस तिसरा रकाना कोरा आहे. मी रोज लिहीत होतो, ठकू, पण वाचत नव्हतो. अलिबागच्या डॉक्टरांना घरी बोलावलं तेव्हा ते वही चाळून काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं. पडवीत, माझ्या मांडीवर, दोन मिनिटांत शांत झाला. निदान चार दिवस आधी बोलवायला हवं होतं. ते चार दिवस त्याने माझ्यासाठी सोसले.

टिकूची वेळ आली असं मी म्हणत नाही. औषधावर, वेळच्या वेळी खाण्यावर असे फेरेट महिनोन्‌महिने चांगले राहतात, डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं. शस्त्रक्रिया होण्यासारखी आहे का, तेही तिथे एकदा स्पष्ट विचार. मात्र खोलीत ऊब ठेव, पायऱ्या चढू देऊ नकोस, मागचे पाय लटपटतात तर फरशीवर सतरंजी घाल. तिकडे थंडी पडली असेल. हीटर रात्रभर चालू ठेवायचं बिल किती येतं ते मला कळव, तुझ्या आईला सांगू नकोस.

तू खाटेवर झोपतेस की जमिनीवर त्याच्या पिंजऱ्याशी? खरं सांग. रात्री दोनचं खाणं द्यायला उठतेस तेव्हा इकडे साडेसात झालेले असतात. सुपारी अंगणात पसरून मी चहा घेत असतो. एकटीने अंधारात अर्धा तास सिरिंज धरून बसू नकोस, त्या वेळी मला फोन लाव. बोलायलाच पाहिजे असं नाही, फोन नुसता बाजूला ठेव. मी इकडे वही घेऊन बसतो. तू काट्यावरचा आकडा सांग, मी लिहितो.

मामी या पानांचे फोटो काढून तुला पाठवेल. मिळाले की आजचा आकडा कळव.

तुझा,
मामा