हेंडनचें विमानगृह आणि पांच मिलिमीटर

सन २०१९ च्या ज्येष्ठ-आषाढांत चिरंजीवांच्या आग्रहावरून आम्ही उभयतां लंडनला जाऊन राहिलों. लंडनचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. थेम्सवरचे पूल, राजवाडा आणि तेथील पावसाची रड यांत मी नवीन अशी कांहींच भर घालूं शकत नाहीं. मला सांगावयाचें आहे तें शहराच्या वायव्येस हेंडन येथें असलेल्या विमानसंग्रहालयाविषयीं, आणि तेथें अकरा वर्षांच्या नातवासमोर मला जी एक चूक पदरांत घ्यावी लागली तिच्याविषयीं. ज्याचीं अडतीस वर्षें दुसऱ्यांच्या चुकांखालीं तांबड्या रेघा ओढण्यांत गेलीं, त्याला हें लिहिणें सोपें नाहीं.

नातवाला प्लास्टिकचीं विमानें जुळविण्याचा छंद आहे. दुकानांत पेटी मिळते. तींत करड्या चौकटींना विमानाचे सारे अवयव लोंबत असतात. पंख, पुच्छ, चाकें, खुर्ची, आणि मुगाहून लहान डोक्याचा वैमानिकसुद्धां! ते कापून काढावयाचे, कानशीनें घांसावयाचे आणि एका पातळ द्रवानें सांधावयाचे. हा द्रव म्हणजे आपली खळ किंवा डिंक नव्हे. तो प्लास्टिकच किंचित् विरघळवून दोन तुकडे एकजीव करतो, त्यामुळें चुकलेला सांधा पुन्हां सुटत नाहीं. शेवटीं रंग देऊन, पाण्यांत भिजविलेलीं चिन्हें सरकवून बसविलीं कीं विमान तयार. त्याचे बहुतेक संच एकास बहात्तर या प्रमाणाचे. म्हणजे सहा फूट उंचीचा पुरुष तेथें बरोबर एक इंचाचा होतो. आमच्या मंडळींनीं पहिल्याच दिवशीं निकाल दिला, "अगबाई, हा तर दिवाळीचा किल्ला बारा महिने करतो!" मला मात्र त्यांत निराळेंच कांहीं दिसलें. आपल्या शिल्पशास्त्रांत मूर्तीचें मान अंगुलांनीं आणि यवांनीं सांगितलें आहे. आठ यवांचें एक अंगुल. तीच दृष्टि येथें लावून पाहावी असें मनांत आलें, आणि तेथेंच घात झाला.

त्यानें नुकतेंच एक स्पिटफायर पुरें केलें होतें. संच नवा, अलीकडेच कोरलेल्या साच्यांतला. "आजोबा, बरोबर झालंय का बघा," म्हणून त्यानें तें माझ्या हातीं दिलें. मीं चिरंजीवांच्या कपाटांतून एक जाडजूड पुस्तक काढलें, त्यांतील मापांना बहात्तरांनीं भागलें आणि पट्टी घेतली. पंखांचा विस्तार ३६ फूट १० इंच, म्हणजे १५६ मिलिमीटर. पट्टीवर तितकाच भरला. लांबी पुस्तकांत ३१ फुटांहून किंचित् अधिक दिलेली होती. तेव्हां धड १३१ मिलिमीटरांहून कमी असतां कामा नये. तें साडेएकशेंसव्वीसच भरलें. मीं त्याच्या वहींत तांबड्या पेन्सिलीनें लिहिलें: 'पंख बरोबर. धड पांच मि.मी. आंखूड, हा मोठा दोष. पंखांची मागची कड जाड. वीसपैकीं अकरा.'

पोरानें मुकाट्यानें वही मिटली. दुसऱ्या दिवशीं खिडकींतलें स्पिटफायर दिसेना. सूनबाईंनीं सांगितलें कीं, तें जोड्याच्या खोक्यांत बसून पलंगाखालीं गेलें आहे. खरें तें सोसण्याची मुलांना संवय हवी, असें मी स्वतःशीं म्हटलें. वर्गांतही असें मीं कितीदां तरी म्हटलें असेल.

पुढच्या शनिवारीं आम्ही दोघे हेंडनला गेलों. भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न मार्गावर कॉलिंडेल नांवाचें स्टेशन लागतें. तेथून पायींच जातां येतें. सभोंवार आतां उंच वसाहती उठल्या आहेत, परंतु ही जागा मूळची क्लॉड ग्रॅहम-व्हाइट या वैमानिकाची विमानभूमि. १९११ च्या सप्टेंबरांत येथून विंडसरला विमानानें टपाल नेलें, आणि इंग्लंडांतील विमानी टपालाचा तोच आरंभ. मात्र आपल्या अलाहाबादेहून नैनीला त्याच वर्षीं फेब्रुवारींत विमानानें टपाल गेलें होतें, हें मीं नातवाला आवर्जून सांगितलें. संग्रहालय १९७२ सालीं उघडलें. आंत जाण्यास पैसे पडत नाहींत, ही गोष्ट आम्हां पेन्शनरांस विशेष रुचणारी.

आंत १९४० सालचें, पहिल्या आवृत्तीचें एक स्पिटफायर आहे. तें पाहून प्रथम वाटलें, एवढेंसेंच! ज्याच्या नांवाचा इतका गाजावाजा, तें विमान आमच्या शाळेच्या एका वर्गांत पंख थोडे तिरपे केले तर मावलें असतें. मी पाटी वाचण्यांत गुंतलों असतां नातवानें पिशवींतून पोळीचा डबा काढला. भूक लागली असेल असें वाटलें. पण डब्यांत कापसावर तें पलंगाखालचें विमान होतें!

त्याची पाहण्याची रीत मीं बाजूला उभें राहून न्याहाळली. प्रतिकृति डोळ्यापासून वीतभर अंतरावर धरावयाची, दुसरा डोळा मिटावयाचा, आणि लहान विमान मोठ्यावर नेमकें बसेपर्यंत मागें सरकावयाचें. हिशेब उघड आहे: वीतभर अंतरावर धरलें, तर आपण खऱ्यापासून बहात्तर वितींवर असलें पाहिजे. अशा रीतीनें बाह्यरेषा जुळते कीं नाहीं हें पट्टीवांचून कळतें. मग समोरून पंखांचा उठाव. पंखाला मुळापासून टोंकापर्यंत जो अडीच अंशांचा पीळ आहे तो. आणि शेवटीं दोरीच्या अलीकडे जवळजवळ आडवें होऊन पोटाखालचा भाग. या आवृत्तींत उजव्या पंखाखालीं पाण्याच्या थंडाव्याची मोठी पेटी आणि डाव्याखालीं तेलासाठीं लहानशी गोलसर नळी, अशी विषमता आहे. नातवाच्या प्रतिकृतींत ती बरोबर होती. मीं ती पूर्वीं पाहिलीच नव्हती; मीं फक्त लांबी-रुंदी मोजली होती.

पृष्ठभागाची गोष्ट विशेष मौजेची आहे. हें विमान प्रथम बनलें तेव्हां सारे रिव्हेट पत्र्याशीं सपाट होते. पण तें काम खर्चाचें. मग त्या पहिल्या विमानाच्या रिव्हेटांवर वाटाण्याच्या डाळीचे दाणे चिकटवून तें उडविलें, आणि थोडे थोडे दाणे काढीत कोठें उंच डोक्याचे रिव्हेट चालतील तें शोधलें. धडाच्या मागील भागांत ते चालले. आमच्या मंडळींना संध्याकाळीं हें सांगितलें तेव्हां त्यांना प्रथमच या विमानांत रस वाटला. पण प्रतिकृतींत हे रिव्हेट दाखवावे काय? एकाचें डोकें सहा मिलिमीटरांचें धरलें, तरी बहात्तरांनीं भागल्यावर तें केसाच्या जाडीचें होतें. पत्र्यांच्या सांध्यांचेंही तेंच. साच्यांत कोरलेली रेघ दोन दशांश मिलिमीटर रुंद असली, तर खऱ्या विमानावर ती चौदा मिलिमीटरांची, म्हणजे बोट जाईल एवढी फट होईल! तरीही त्या रेघा हव्याशा वाटतात. त्यांच्यावांचून विमान साबणाच्या वडीसारखें दिसतें. येथें डोळ्याला जें पटतें तें मापाला पटत नाहीं, आणि चांगला कारागीर दोघांची समजूत घालतो. शिवाय साच्याचीही अडचण असतेच. मोदकाच्या साच्याच्या पाकळ्या ज्या बाजूनें उघडतात त्या बाजूनेंच मोदक सुटावयास हवा, तसेंच हें. आडव्या बाजूची नक्षी म्हणूनच बहुधा पुसट येते.

हें सारें झाल्यावर मीं विचारलें, "आणि लांबी?"

तो कांहीं बोलला नाहीं. माझा हात धरून त्यानें मला दुसऱ्या एका विमानापाशीं नेलें. पाटीवर नांव स्पिटफायरच. पण नाक केवढें तरी लांब आणि पंख्याला पांच पातीं. ही चोविसावी आवृत्ति होती. मग तो हळूच म्हणाला, "आजोबा, तुमच्या पुस्तकांतलं माप नवव्या आवृत्तीचं होतं. तिचं इंजिन लांब आहे. माझं विमान पहिल्या आवृत्तीचं. त्याची लांबी एकोणतीस फूट अकरा इंच."

मीं मनांत हिशेब केला. ३५९ इंच भागिले ७२. पांच इंचांना एक बहात्तरांश कमी. साडेएकशेंसव्वीस मिलिमीटर, आणि वर केसभर.

"मग त्या दिवशीं बोलला कां नाहींस?"

"तुम्ही लिहून टाकलं होतंत."

मी जवळच्या बाकावर बसलों. वीस हजारांहून अधिक स्पिटफायरें बनलीं, आणि त्यांच्या मुख्य आवृत्त्याच चोवीस. पुस्तकांतील माप खोटें नव्हतें, माझा भागाकारही खोटा नव्हता. प्रतिकृति कोणत्या मूळाची हेंच मीं विचारलें नव्हतें. ज्याच्यापुढें पाठभेदांच्या याद्या करण्यांत तारुण्य गेलें, त्यानें हें विसरावें! पुण्याच्या भांडारकर संस्थेंत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम चाललें, तें पोथ्यांचीं कुळें लावीतच चाललें. दोन पोथ्यांत एकच चूक सांपडली कीं त्या एका घरच्या असा संशय घ्यावा. नातू म्हणतो कीं, प्रतिकृतींतही तसेंच होतें. एक चुकीचा आराखडा छापला जातो आणि त्यावरून निरनिराळ्या कंपन्या तीच चूक पुन्हां ओततात. हल्लीं खऱ्या विमानावर प्रकाशकिरण फिरवून मापें घेतात. तरी संग्रहालयांतील विमान म्हणजे साक्षात् मूळ असें नव्हे. त्यालाही दुरुस्त्या झालेल्या असतात.

चूक सुधारण्याचें एक उदाहरणही त्यानेंच सांगितलें. एडुआर्ड या झेक कंपनीनें २०१४ सालीं एकास अठ्ठेचाळीस प्रमाणाचें जर्मन मेसरश्मिट १०९ काढलें. तें प्रमाणाहून मोठें भरलें. जाणत्यांनीं मोजून दाखविलें. कंपनीनें वाद न घालतां नवे साचे केले आणि २०१६ सालीं तेंच विमान योग्य मापांत पुन्हां काढलें. पोलादी साच्याला किती खर्च येतो हें ज्याला ठाऊक आहे त्याला यांतील धैर्य कळेल. माझा खर्च एका रेघेचा होता.

परततांना एका अवाढव्य विमानाखालीं आम्ही थांबलों. लिबरेटर, पंखांचा विस्तार ११० फूट, पोटाचे दरवाजे दुकानाच्या फळ्यांसारखे वर गुंडाळणारे. त्यावर ब्रिटिश चिन्हें, परंतु त्याची कथा आपली आहे. महायुद्धानंतर ब्रिटिशांनीं कानपुरास अशीं विमानें मोडतोड करून टाकून दिलीं होतीं. आपल्या बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांनीं त्यांतलीं कित्येक पुन्हां उडतीं केलीं, आणि १९६८ पर्यंत तीं आपल्या वायुसेनेंत होतीं. हें त्यांतलेंच एक. १९७४ सालीं भारतानें तें या संग्रहालयाला भेट दिलें आणि तें स्वतः उडत इंग्लंडांत आलें. कानपुरच्या उकिरड्यावरून उठलेलें विमान लंडनांत पाहून माझा ऊर भरून आला.

"मला याचा संच हवा आहे," नातू म्हणाला. "पण चक्र लावूं कीं हीं चिन्हें?"

या वेळीं मीं उत्तर देण्यापूर्वीं विचारलें, "कोणत्या सालचें करणार आहेस?"

तो प्रथमच मोकळेपणीं हंसला. मग नाकांत शिसें घालावें लागेल, नाहीं तर हें शेपटीवर बसेल, खरें विमानसुद्धां कधीं कधीं तसें बसे, इत्यादि बराच वेळ सांगत राहिला.

गाडींत मीं त्याची वही मागितली. ती त्यानें आणलीच होती. मीं पांच मिलिमीटरांचें वाक्य खोडलें, खालीं 'परीक्षकाची चूक' असें लिहून सही केली, आणि अकराच्या जागीं वीस घालूं लागलों. त्यानें माझा हात धरला.

"वीस नको, आजोबा. मागची कड खरंच जाड आहे. मीं घांसायचा कंटाळा केला. तेवढे गुण कापलेलेच राहूं द्या."

मीं एकोणीस लिहिले. त्यानें वही घेतली, खोडून अठरा केले, आणि डबा मांडीवर घेऊन बाहेर पाहत बसला.