बिघाडाची वेळ

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी एखादे जुने यंत्र असेल. विहिरीवरचा पंप, पिठाची चक्की, शिलाई मशीन किंवा ट्रॅक्टर. ते पुरते बंद पडले तर दुःख सरळ असते. मिस्त्री येतो, मोडलेला भाग हातात देतो, पैसे सांगतो. परंतु जे यंत्र कधी सुरळीत चालते आणि कधी अडखळते, ते माणसामाणसांतला विश्वास पोखरू लागते. चालवणारा म्हणतो, बिघाड आहे. पाहायला आलेला विचारतो, कुठे आहे?

वाशीम जिल्ह्यातील मंगरुळपीर तालुक्यात आमची शेती आहे. माझ्या थोरल्या भावाचा तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर काही वर्षांपूर्वी ऐन पेरणीत असा वागू लागला. सोयाबीन हे आमच्याकडचे खरिपाचे मुख्य पीक. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय ते पेरू नये, असे कृषितज्ज्ञ सांगतात; आणि तेवढा पाऊस होऊन काळ्या जमिनीला वाफसा आला की हाती मोजकेच दिवस उरतात. पाऊस पुन्हा आला तर चिखल, लांबला तर ओल खाली जाते. भावाने घरच्या सहा एकरांखेरीज शेजाऱ्यांच्या चाळीसेक एकरांची पेरणी भाड्याने धरली होती. त्या पैशांतून बियाण्याची उधारी फिटायची होती आणि पुतणीची कॉलेजची फी भरायची होती.

तास अर्ध्यावर आला की इंजिनाचा आवाज एकाएकी विरळ होई. ते दोन-तीन गोते खाई, सावरे, पुन्हा दम सोडी. अर्धा तास बाभळीखाली उभे केले की जणू काही घडलेच नाही अशा थाटात धडधडू लागे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. १८९७ मध्ये रुडॉल्फ डिझेल याने जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे जे इंजिन यशस्वी करून दाखवले, त्याचे तत्त्वच असे की हवा इतकी दाबावी की ती तापून तिच्यात फवारलेले तेल आपोआप पेटावे. त्यामुळे संशयित मोजकेच उरतात : तेल, हवा आणि दाब. रिंगा झिजून दाब उतरला असता, तर सकाळी थंड इंजिन सुरू होतानाच कुरकुरले असते. ते तर पहिल्या झटक्यात सुरू होई. म्हणून सर्वांचे बोट तेलाकडे वळले. फिल्टर बदलले. नळ्यांच्या जोडांवरचे तांब्याचे वायसर बदलले. पंपाने हवा धरली असेल म्हणून हवा काढली. शेवटी पंप उतरवून शहरातील एका दुकानात पाठवला. त्यात दोन दिवस आणि बरेच पैसे गेले. पंप बसवल्यावर पहिल्याच दुपारी इंजिनाने पुन्हा गोते खाल्ले.

तेव्हा शेजारच्या गावातील एका वयस्क मिस्त्रींना बोलावले. त्यांनी इंजिन सुरू केले आणि तिन्ही नोझलच्या नळ्यांचे नट पाळीपाळीने किंचित सैल करून पाहिले. प्रत्येक वेळी आवाज सारखाच खचला. म्हणजे तिन्ही सिलिंडर आपापले काम करीत होते. मग त्यांनी हात पुसले आणि भावाला विचारले, "कायनं बंद पडते ते मी पाहतो. कव्हा पडते, ते सांग."

हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. आयुर्वेदाने विषमज्वराचे तृतीयक, चतुर्थक असे प्रकार केले, ते ताप परतण्याच्या वेळेवरून. लोकभाषेतही एकांतरा ताप आहेच. पुढे सूक्ष्मदर्शकाने दाखवून दिले की हिवतापाच्या जंतूचे रक्तातील चक्र जातीनुसार ४८ किंवा ७२ तासांचे असते आणि ताप त्याच हिशेबाने उलटतो. कारण डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी त्याची वेळ नोंदली गेली होती.

आमच्याकडे ती नोंद वहिनीच्या वहीत होती. दहावीनंतर शाळा सुटलेल्या वहिनीने भाड्याची वही मात्र काटेकोर ठेवली होती : कोणाचे शेत, किती एकर, डिझेल केव्हा व किती भरले, ट्रॅक्टर केव्हा थांबला. मिस्त्रींनी ती वाचून घेतली. टाकी काठोकाठ भरलेली असे तेव्हा इंजिन अर्ध्या-पाऊण तासात अडखळे. टाकी निम्मी असे तेव्हा दीड-दोन तास तक्रार नसे. टाकीच्या तळाचा गाळ आड येत असता, तर हे उलट घडायला हवे होते. आणि भाऊ तर खबरदारी म्हणून टाकी सतत भरून घेत होता!

मिस्त्रींनी ट्रॅक्टर नांगराला जुंपून शेतात घालायला सांगितला आणि स्वतः धुऱ्यावर बसले. इंजिनाने पहिला गोता खाताच ते उठले, भावाला थांबवले आणि चालू इंजिनावरच टाकीचे झाकण सैल केले. आत फुस्सकन हवा शिरल्याचा आवाज झाला. दोन-चार क्षणांत इंजिन सावरले.

झाकणाला एक बारीक छिद्र असते. टाकीतून जेवढे तेल जाते, तेवढी हवा त्यातून आत यावी लागते. उन्हाळ्यात ट्रॅक्टरला रंग दिला होता. त्या रंगाचा थर छिद्रावर बसला आणि उरलेली फट धूळ व तेलाच्या चिकट्याने भरली. शाळेत तुम्ही बॉईलचा नियम शिकला असाल. भरलेल्या टाकीत तेलावर हवा थोडीच असते. तीन लिटर हवेच्या जागेत दीड लिटरची भर पडली की दाब झपाट्याने उतरतो. वीस लिटर हवा असेल तर तेवढ्याच तेलाने फारसा फरक पडत नाही. बाहेरचा दाब टाकीत न पोचल्याने पंपाला तेल ओढवेना. ट्रॅक्टर उभा राहिला की हवा फटींतून हळूहळू झिरपे आणि रोग नाहीसा होई. त्यातून आणखी एक गंमत अशी की तपासायला येणारा प्रत्येक जण आधी झाकण उघडून टाकीत डोकावत असे; त्या क्षणी बिघाड आपोआप दुरुस्त होई आणि भाऊ खोटा ठरे.

सुईने छिद्र मोकळे केले, झाकण डिझेलमध्ये धुतले. मिस्त्रींनी चहा घेतला. पैसे द्यायला गेलो तेव्हा जाण्यायेण्याच्या पेट्रोलपुरतेच घेतले. धरलेल्या पेरणीपैकी अकरा एकर तोवर दुसऱ्यांकडे गेले होते, ते परत आले नाहीत. उरलेली चार दिवसांत आटोपली. वहिनीच्या वहीत त्या तारखेसमोर रकमेच्या रकान्यात रेघ आहे आणि तपशिलात एकच शब्द लिहिला आहे : झाकण.