आधी वारकरी मोज

चि. भाचीस,


तुझं पत्र मिळालं. रोहित पक्षी पाहायला भिगवणला जाणार आहेस, जरूर जा. मात्र ‘आमच्या तळ्यावर काय, नेहमीचेच वारकरी नि बगळे’ हे तुझं म्हणणं मला पटलं नाही. तळ्याचं काय चाललंय हे त्या नेहमीच्या पाखरांकडूनच कळतं, आणि तेही एकाच काठावरून वर्षानुवर्षं मोजत राहिल्यावर.

वारकऱ्याकडेच बघ. काळं अंग, लाल डोळे आणि कपाळापासून चोचीच्या टोकापर्यंत गंध लावल्यासारखा पांढरा पट्टा. दुरून बदक वाटतो, पण आहे पाणकोंबडीच्या कुळातला. पायाची बोटं पडद्यानं जोडलेली नसतात, प्रत्येक बोटाला झालरीसारख्या वेगळ्या पाळ्या असतात. उडायचं झालं तर आधी पाण्यावरून लांबवर धावत सुटतो. बुडी मारून तो खालचं पाणगवत वर आणतो आणि शेजारी तरंगणारी गडवाल बदकं ते त्याच्याकडून हिसकावून घेतात. वारकरी कुठे जमलेत हे पाहिलं, की पाण्याखाली गवत कुठे आहे ते काठावरूनच समजतं. कमळपक्षी तरंगत्या पानांवर चालतो, तिथेच त्याची अंडी असतात आणि ती नर उबवतो. तळं ‘साफ’ करायचं म्हणून कमळ-शिंगाडा उपटला, की त्याचं घर गेलं. नदी सुरय उन्हाळ्यात उघड्या वाळूवर अंडी घालते. वाळू उपसली, की तिला जागा उरत नाही. शेकाट्याचं उलट आहे. सांडपाण्यातल्या किड्यांच्या अळ्यांवर त्याचं छान भागतं. पुण्याच्या खालच्या अंगाला कवडी इथे मुळा-मुठेच्या घाण पाण्यात शेकाटे भरपूर दिसतात. पाखरं पुष्कळ म्हणजे पाणी चांगलं, ही समजूत तिथे खोटी ठरते. म्हणून नुसता एकूण आकडा लिहू नकोस; कोण किती, हे लिही.

तू म्हणशील, पाण्याप्रमाणे संख्या वरखाली होते, मग मोजून उपयोग काय? आक्षेप रास्त आहे. नांदूरमधमेश्वरचा गोदावरी-कादवा संगमावरचा बंधारा शंभरेक वर्षांत गाळानं भरत गेला, त्यातूनच दलदल नि बेटं तयार झाली आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. तिथेही पाणी चढलं की चिखलाचे काठ बुडतात आणि शेकाटे, तुतारे दुसरीकडे जातात. यावर उपाय साधा आहे: प्रत्येक नोंदीसोबत पाणी कुठवर आहे तेही टिपायचं. दहा वर्षांच्या वहीत पाण्यामुळे झालेली घट आणि खरी घट वेगळी काढता येते, एका वर्षाच्या वहीत येत नाही. हौशी माणसाची मोजणी चुकते, असंही म्हणतात. चुकतेच, पाचशेंच्या थव्यात पन्नासांचा फरक सहज पडतो. पण जागा, वेळ आणि पद्धत तीच ठेवली, तर चूकही साधारण तेवढीच राहते आणि चढउतार लपत नाही. १९८७ पासून दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना स्वयंसेवकांच्याच बळावर चालते. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल सुमारे ३० हजार निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे.

आणि नेहमीचा पक्षी कुठे जातोय, असं वाटत असेल तर गिधाडं आठव. पांढऱ्या पाठीचं गिधाड एके काळी कावळ्या-घारींसारखं सर्रास होतं. पक्षी-अभ्यासक विभू प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात ती मोजून ठेवली होती, म्हणून नव्वदच्या दशकातली घट आकड्यांनिशी दाखवता आली. पुढे जनावरांना दिलं जाणारं आणि ती मेल्यावर त्यांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाणारं डायक्लोफेनॅक हे औषध त्याचं कारण असल्याचं सापडलं आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तोवर शंभरातलं एखादंही उरलं नव्हतं. आणखी चार ठिकाणी तशा वह्या असत्या, तर हाक आधी गेली असती असं मला फार वाटतं.

तेव्हा भिगवणला निघण्याआधी एक वही घे. एक काठ ठरव, महिन्यातून दोनदा सकाळी तिथेच अर्धा तास उभी राहा. तारीख, वेळ, पाणी, कोण किती, सगळं लिही. जो दिसला नाही त्याच्यापुढे शून्य मांडायला विसरू नकोस. पहिलं पान वारकऱ्यांचं असू दे.

तुझा,
मामा