लालबागेतील दोन प्रवासी

बंगळूरला गेलेला प्रवासी लालबाग पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. हैदर अलीने १७६० मध्ये आरंभिलेल्या या बागेतील काचघर, प्राचीन खडकावरील केंपेगौडाचा बुरूज व तलाव पाहून झाले, म्हणजे पाण्याकाठी घटकाभर विसावावे. पाऊस ओसरून थंडीची चाहूल लागते, त्या दिवसांत दोन चिमुकले प्रवासी तेथे भेटण्याचा संभव असतो.

पहिला हिरवट वटवट्या. हा पक्षी चिमणीहूनही लहान असून त्याचे वजन जेमतेम ८ ग्रॅम भरते. उंच झाडाच्या पानांत तो दिसण्यापूर्वी त्याची तीक्ष्ण साद ऐकू येते. त्याची वीण हिमालयात व त्याच्या पलीकडील थंड प्रदेशांत होते. हिवाळ्यात तो दक्षिणेत उतरतो आणि पानापानांवरील किडे टिपीत आपल्या वाट्याची झाडे इतर वटवट्यांपासून राखतो. पायांत कडी घातलेले काही पक्षी पुढील वर्षी त्याच जागी परतल्याचे अभ्यासकांस आढळले आहे.

दुसरा पिवळसर रंगाचा भटका चतुर. रुंद पंखांवर तरंगत तो मोकळ्या जागेवर घिरट्या घालतो. बसलेला क्वचितच दिसतो. त्याचे वजन एका ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक नसते. तरीही मालदीव बेटांवर दरवर्षी ऑक्टोबरपासून येणारे याचे थवे भारतातून निघून, वाऱ्याच्या साहाय्याने समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जात असावेत, असे चार्ल्स अँडरसन या शास्त्रज्ञाने २००९ मध्ये प्रतिपादिले. पाऊस पडेल तेथे अंडी घालावीत, नव्या पिढीने पुढे उडावे, असा हा क्रम आहे. जाऊनयेऊन १४ ते १८ हजार किलोमीटरांचा हा फेरा पुरा होण्यास सुमारे चार पिढ्या लागतात, असे त्यांचे अनुमान आहे.

वटवट्या स्वतः परततो. चतुराचे पणतू परततात. एकास ओळखीचे झाड हवे, दुसऱ्यास कोठलेही साचलेले गोडे पाणी पुरते. बंगळूरने पूर्वजांनी बांधलेले कित्येक तलाव मात्र बुजविले. धर्माम्बुधी तलावाच्या जागी आज बसस्थानक आहे, तर संपंगी तलावाच्या जागी कंठीरव क्रीडांगण. चतुराची अळी पाण्यातील डासांच्या अळ्या खाते, आणि वटवट्या झाडांवरील कीड वेचतो. तेव्हा उरलेले तलाव व जुने वृक्ष राखण्यात पाहुण्यांइतकेच यजमानांचेही हित आहे.