राहिलेले दीड हजार

चिंचपोकळी स्थानकापासून थोड्या अंतरावर, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर हे कुटुंब राहते. तांबाकाट्यावर त्यांचे भांड्यांचे दुकान आहे. दोन पिढ्या भांडी विकण्यात गेल्या. ती घासण्याचा प्रश्न मात्र घरातील पुरुषांना कधी पडला नव्हता. तो पडला थोरल्या सुनेला. घरात माणसे नऊ. संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी, आणि त्यानंतर उष्टे भांडे दोन घडी, म्हणजे 48 मिनिटांहून अधिक पडून राहू द्यायचे नाही, हा सासूबाईंचा नेम. अनेक वर्षे कामाला येणाऱ्या मावशींचे गुडघे थकले. त्यांनी संध्याकाळची फेरी सोडली, तेव्हा भांडी धुण्याच्या यंत्राचा विषय निघाला.

सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो किमतीचा नव्हता. "यंत्र पाणी गाळून घेईल का?"

सुनेने खरे ते सांगितले. नळाच्या जोडाशी बारीक जाळी असते, पण ती कचऱ्यासाठी. तिला गळण्याची सर नाही. मात्र हाताने नऊ माणसांची भांडी धुताना बादल्यांमागून बादल्या ओतल्या जातात आणि यंत्र साधारण 10 लिटरांत तेच काम करते. पाण्याच्या जीवांची विराधना थोडी तरी कमी होईल, एवढेच तिचे म्हणणे. सासूबाईंनी दोन दिवस विचार केला आणि अटी घातल्या. पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी पूर्वीप्रमाणेच गाळायचे. तांब्या-पितळेची भांडी हातानेच घासायची. यंत्र पूर्ण भरण्याची वाट पाहत उष्टी भांडी रात्रभर ठेवायची नाहीत. चौथी अट शेठजींनी जोडली : मावशींच्या पगारातून एक रुपयाही कमी करायचा नाही.

घरातील शाळकरी नातीने मग एक गोष्ट शोधून काढली. अमेरिकेतील जोसेफिन कॉक्रन या बाईंनी 1886 साली अशा यंत्राचे पेटंट घेतले आणि 1893 च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात ते मांडले. त्याच वर्षी, त्याच शहरात, त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत वीरचंद राघवजी गांधी यांनी जैन धर्माची ओळख जगाला करून दिली होती. हे ऐकून सासूबाई हसल्या. घरातील उरलासुरला विरोध तेथेच मावळला.

खरी अडचण पुढे होती. कंपनीचा माणूस आला, मापे घेतली आणि म्हणाला, "जोडणी आमची, जागा तुमची." यंत्र 60 सेंटीमीटर रुंद, ओट्याखालचा कप्पा त्याहून दोन इंच अरुंद. उंचीही जेमतेम, यंत्राचे वरचे झाकण काढले तरच ते आत जाणार. शिवाय पाण्याला स्वतंत्र नळ हवा, 16 अँपिअरचा अर्थिंगसह वेगळा पॉइंट हवा आणि सांडपाण्याची वाट हवी. एका यंत्रासाठी प्लंबर, सुतार, इलेक्ट्रिशियन आणि कडाप्पा कापणारा, अशी चार माणसे लागणार होती. चौघांना वेगवेगळे बोलावले, तर प्रत्येकजण दोष दुसऱ्यावर ढकलणार, हे व्यापारी घराला सांगावे लागत नाही.

म्हणून गल्लीतल्या जुन्या मिस्त्रींना बोलावले. इमारतीतल्या बहुतेक मोऱ्यांचे पाइप त्यांच्या हाताखालून गेलेले. बाकीचे तिघे त्यांनीच आणले. तीन दिवसांत कडाप्प्याची उभी फळी सरकली, नळ बसला, पॉइंट आला. सांडपाण्याचा पाइप त्यांनी आधी ओट्याच्या तळापर्यंत वर नेला, तेथे पट्टीने बांधला आणि मग खाली मोरीच्या जोडात उतरवला. असे उंच वळण नसेल, तर यंत्रातले पाणी आपोआप वाहून जाते किंवा मोरीचे घाण पाणी उलट आत येते. मजुरी साडेपाच हजार ठरली होती. मिस्त्रींनी चार हजारच घेतले. "आठ दिवस चालवून बघा शेठ, मग उरलेले द्या."

सहाव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकी वर आल्या. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल आली होती.

आठव्या दिवशी मिस्त्री पैशासाठी आले, तेव्हा शेठजींनी त्यांना जिन्यातच अडवले. काम कच्चे झाले, दीड हजार मिळणार नाहीत, असे चार शेजाऱ्यांदेखत सुनावले. "यंत्र एकदा बाहेर ओढून बघू द्या," एवढेच मिस्त्री म्हणाले. तेही नाकारले गेले. ते काही न बोलता जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसाने यंत्र बाहेर ओढले. पाइप मोरीच्या जोडातून निसटून जमिनीवर पडला होता. पट्टी तुटलेली नव्हती, कापलेली होती. धाकट्या मुलाने मान खाली घातली. मागे सांडलेली डाळ काढण्यासाठी त्याने यंत्र ओढले होते. पाइप ताणला म्हणून पट्टी कापली आणि यंत्र तसेच आत ढकलले. पाइपाचा सगळा भार जोडावर आला आणि पाण्याच्या जोराने तो सुटला.

शेठजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दुकानातल्या पोराबरोबर पैसे पाठवून देतो. संवत्सरीला भेटून क्षमाही मागेन."

संवत्सरीला अजून तीन आठवडे होते. सासूबाई गळण्याचे फडके वाळत घालत होत्या. त्या वळून म्हणाल्या, "तोपर्यंत उधारी ठेवायची? आणि शब्द जिन्यात गेले आहेत. ते पोराबरोबर परत येणार नाहीत."

त्याच संध्याकाळी शेठजी मिस्त्रींच्या चाळीत गेले आणि त्यांना घेऊन आले. जिन्याच्या त्याच वळणावर थांबून त्यांनी खालच्या काकींनाही बाहेर बोलावले. चूक आमच्या घरची होती, मिस्त्रींचे काम चोख होते, असे स्पष्ट सांगून त्यांनी हात जोडले. काकींच्या छताचा रंग आपण करून देऊ, हेही सांगितले.

पाकिटात अडीच हजार होते. मिस्त्रींनी दीड हजार मोजून घेतले आणि हजार परत दिले. मग ओट्याखाली वाकून त्यांनी पाइप पुन्हा वर चढवला आणि या वेळी पट्टीऐवजी खिशातून लोखंडी क्लॅम्प काढून स्क्रूने आवळला.

"आता कात्री चालायची नाही," ते धाकट्याकडे पाहत म्हणाले. त्यावर पहिले हसले ते शेठजी.