रचना आणि रीत

आज सायंकाळी पुन्हा, हौजखासच्या आयआयटीतील प्राध्यापक नवीन गर्ग यांची 'डेटा स्ट्रक्चर्स', म्हणजे माहितीच्या रचना, या विषयावरील, एनपीटीईएलद्वारे सर्वांस खुली असलेली व्याख्याने ऐकत बसलो. आणि सरकारी दफ्तरात उभी हयात घालविलेल्या माझ्यासारख्यास या विषयाची एवढी गोडी का लागावी, याचा उलगडा हळूहळू होऊ लागला. माहितीचा संचय करणे निराळे, आणि हवी तेव्हा ती तत्काळ हाती यावी अशा बेताने तिची मांडणी करणे निराळे, हे पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागदांचे रुमाल ज्याने सोडून पाहिले आहेत त्यास सांगावे लागत नाही.

दहा लक्ष नावे वर्णानुक्रमे लावलेली असतील, तर दर वेळी मधले नाव पाहून निम्मी यादी बाद करीत गेल्यास फार तर २० तुलनांत इष्ट नावाचा ठाव लागतो. परंतु यादीत रोज नवी भर पडत असेल तर?

१९६२ साली अडेल्सन-वेल्स्की व लँडिस या सोव्हिएत गणितज्ञांनी मांडलेला, लहान आकडा डाव्या व मोठा उजव्या फांदीवर ठेवून नवी भर पडली तरी स्वतःचा तोल राखणारा वृक्ष येथे कामी येतो. १०, २०, ३० हे आकडे मी क्रमाने कागदावर मांडले. तिसरा येताच सारा भार उजवीकडे कलला, आणि तोल सावरण्याच्या नियमानुसार फिरविताच २० मुळाशी येऊन १० डावीकडे व ३० उजवीकडे स्थिरावले. केवढी ही निर्मळ बुद्धिमत्ता!

नोएडा-गुरुग्रामच्या नोकऱ्यांसाठी हा विषय घोकणाऱ्या मुलांनो, संगणक क्षणभर मिटून हा वृक्ष एकदा स्वहस्ते काढून पाहा.